निकाल्या

कंग्राळी खुर्दमधल्या एका गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा वार्ताफलक आहे. बेळगाव शहर जिथं संपतं आणि शेतं जिथं सुरू होतात त्या बेचक्यातलं हे गाव. एका अंगाला एपीएमसीचं मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगाला मार्कंडेय नदी. घरोघरी पेपर येतो, हातोहाती मोबाईल आहे, तरी बातमी फळ्यावर आल्याशिवाय गल्ली ती खरी मानत नाही. फळ्याच्या वरच्या भागात सीमाप्रश्न. त्याखाली नळाला पाणी येण्याची वेळ, जी चुकते. मग कोणाचं अभिनंदन, कोणाचा सत्कार, पारायणाची तारीख. आणि उजवीकडं अगदी तळाला, जिथं खडूची भुकटी साचते, तिथं वीतभर चौकट आखून रोज पहाटे कोणीतरी दोन ओळी लिहून जातं.

‘एल्डन रिंग. मेलो. परत मेलो. भारी.’

लिहिणाऱ्याला गल्ली निकाल्या म्हणते. खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच बरं आहे. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, कानावर पेन, खिशात खडू. गेली काही वर्षं हा माणूस जगभरात निघणाऱ्या व्हिडिओ गेमांचा निकाल लावतो आहे आणि जगाला त्याचा पत्ता नाही.

एल्डन रिंगचा तो निकाल २०२२ सालचा, गेम नवा असतानाचा. दुर्दैवानं त्याच दिवशी फळ्याच्या वरच्या भागात गल्लीतल्या एका आजोबांना भावपूर्ण श्रद्धांजली होती. माती सावडायला आलेल्या पाहुण्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. ‘मेलो. परत मेलो. भारी.’ चंदगडकडच्या एका पाहुण्यानं विचारलं, “हे कुणी लिवलंय? म्हाताऱ्यानं?” त्या रात्री मंडळाची बैठक झाली आणि ठराव झाला की श्रद्धांजली असेल त्या दिवशी निकाल लिहायचा नाही. त्यामुळं काही फार चांगले गेम कंग्राळीत निकालाविनाच राहिले. थंडीत तर सलग आठवडा-आठवडा चौकट रिकामी असते.

असा एक माणूस प्रत्येक गावात असतोच. पूर्वी तो सिनेमाचा असायचा. पहिला खेळ बघून बाहेर आला की थिएटरच्या पायरीवर उभा राहून ‘पडला’ एवढंच म्हणायचा आणि सिनेमा पडायचा. त्याआधी तो तमाशाचा असेल, त्याही आधी कीर्तनाचा. निकाल्या त्याच घराण्यातला, फक्त माल बदललेला.

त्याच्या निकालाची पद्धत समजून घ्यायची तर यार्डात जायला हवं. तिथं एका अडत दुकानात तो दिवाणजी आहे. गाळ्यापुढं पिशव्यांची थप्पी लागलेली असते: इंदूरचा बटाटा, जवारी बटाटा, कांदा, हंगामात रताळी. खरेदीदार येतो, एका पिशवीचं तोंड सोडतो, हात कोपरापर्यंत आत घालतो आणि तळातला बटाटा उपसून काढतो. वरचे बघतच नाही, कारण वर मोठे लावलेले असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नखानं साल खरवडायची, दाबून बघायचं, दर बोलायचा. पिशवीभर बटाटे उकडून खाऊन मग भाव सांगणारा व्यापारी अजून कुठल्या यार्डात जन्माला आलेला नाही.

निकाल्या गेमचं तोंड असंच सोडतो. पहिला तास बघत नाही. “पयला तास वरचा बटाटा असतोय,” असं त्याचं म्हणणं, आणि मला ते पटतं. कंपन्या सुरुवातीच्या तासावर जीव ओततात. डोंगर कोसळतात, राजवाडे जळतात. निकाल्या भाच्याकडून अर्ध्यातलं सेव्ह मागतो. भाचा इंजिनीअरिंगला आहे. सुताराकडून टेबल करून घेऊन त्यानं माळ्यावर कॉम्प्युटर बसवलाय आणि स्टीमवर सेल लागला की तो शिष्यवृत्तीचे पैसे तिकडं वळवतो. गेमच्या मधल्या तीसेक तासांत माणूस काय करतो, हे निकाल्या बघतो. नुसतं इथून तिथं चालत जातो का? पोतीभर लाकडं गोळा करतो का? कोणाची हरवलेली शेळी शोधतो का? असेल तर पिशवीत माती आहे, दर पाडायचा.

शेजारच्या कंग्राळी बुद्रुकला त्याचा एक प्रतिस्पर्धी आहे. तो मार्क देतो, तेही दशांशात. अमुक गेम आठ पूर्णांक सात, तमुक आठ पूर्णांक नऊ. निकाल्याला हे सहन होत नाही. “ह्यो पॉइंट सात आणि पॉइंट नऊच्या मधी काय असतंय ओ? नाक?” तो विचारतो. खुर्द आणि बुद्रुकमध्ये एकमेकांवर बोलण्यासारखे इतर विषय पुष्कळ आहेत, पण त्यात या दोघांनी नव्यानं भर घातली हे खरं.

त्याचे काही निकाल मी वहीत उतरवून ठेवलेत. फळा रोज पुसला जातो, कोणीतरी हे करायला हवं होतं.

‘बाल्डर्स गेट ३. आधी बोलत्यात, मग भांडत्यात, मग फासे टाकत्यात. ग्रामपंचायत.’ २०२३ साली या गेमला जगानं वर्षाचा सर्वोत्तम गेम म्हणून डोक्यावर घेतलं. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचं काम, आणि त्यातले संवाद शंभर तास पुरतात. निकाल्यानं अन्याय केला असं मला वाटतं. पण ग्रामपंचायतीचे सदस्य फळ्यापुढं थांबून वाचून गेले आणि कोणी हरकत घेतली नाही.

‘सिल्कसाँग. साडेसहा वर्षं वाट बघितली. साडेसहा मिनिटं जगलो.’ ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी नावाच्या मूठभर माणसांनी हा गेम २०१९ला जाहीर केला आणि २०२५च्या सप्टेंबरात बाहेर काढला. यात किडा असतो, सुई असते आणि मरण असतं.

‘डेथ स्ट्रँडिंग २. पार्सल. डोंगर. पार्सल. चिखल. पगार देत असाल तर खेळतो.’

‘सायलेंट हिल २. धुकं चोर्ल्यापेक्षा कमी. ट्रक तर न्हाईतच.’ ज्यांनी पावसाळ्यात चोर्ला घाटातून रात्री गोवा गाठलाय त्यांना यापुढं काही सांगावं लागत नाही.

‘ईए एफसी. तोच बॉल. नवी बनियन.’ हा निकाल तो दर सप्टेंबरला लिहितो. त्यासाठी खेळावं लागत नाही म्हणतो.

‘बॅलाट्रो. पत्ते हाईत. पैशे न्हाईत. आई रागवत न्हाई.’ कॅनडातल्या एकट्या माणसानं केलेला हा पत्त्यांचा गेम २०२४चा. युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या मंडळानं आधी त्याला जुगारासारखा दिसतो म्हणून अठराच्या वरचा शिक्का मारला आणि २०२५च्या फेब्रुवारीत तो बारावर आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा गल्लीतल्या दोघांचा मोबाईलवरचा रमीचा संसार रातोरात मोडला. निकाल्यानं त्या दोघांना माळ्यावर बोलावून बॅलाट्रो दाखवला. एकानं तासभर खेळून विचारलं, “जिंकलो तर काय मिळतंय?” “आनंद.” तो उठून गेला.

‘क्लेअर ऑब्स्क्युर.’ याच्यापुढं त्यानं आधी काही लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी ओळ भरली: ‘दरवर्षी एक आकडा रंगवत्यात. त्या वयाची माणसं धूर होऊन जात्यात. ३३ चाललाय. माझा नंबर कवाच गेला.’ फ्रान्समधल्या माँपेलिये शहरातल्या सँडफॉल स्टुडिओचा हा पहिलाच गेम, २०२५चा, आणि वर्षाचा मोठा मानही त्यालाच मिळाला. निकाल्याच्या आयुष्यातला हा सर्वांत लांब निकाल. त्याची बायको म्हणाली, “दोन दिवस धड जेवला न्हाई ह्यो बाबा. गेमातलं कोन मेलं तर.”

बायकोवरून आठवलं. ‘इट टेक्स टू’ हा २०२१चा गेम दोघांनी मिळूनच खेळावा लागतो. त्यातलं जोडपं काडीमोडाच्या बेतात असतं, मुलीच्या आसवांनी त्यांच्या बाहुल्या होतात, आणि परत माणूस व्हायचं तर दोघांना एकमेकांच्या मदतीनं उड्या मारत पुढं जावं लागतं. निकाल्यानं हौसेनं बायकोला शेजारी बसवलं. पहिल्या उडीला ती पडली, दुसऱ्या उडीला तो पडला, तिसऱ्या उडीच्या आधी माहेरचा विषय निघाला. फळ्यावर आलं: ‘अर्ध्यात सोडला. चूक कुणाची ते ठरलं न्हाई.’ संध्याकाळपर्यंत खाली बायकी अक्षरात एक शब्द वाढला होता: ‘ठरलंय.’

गल्लीत तज्ज्ञ पुष्कळ आणि निकाल्या त्यांना विचारून लिहितो, हा त्याचा मोठेपणा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं इकडं निवृत्त फौजी शोधावे लागत नाहीत. २०२४ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा नवा भाग आला तेव्हा एका हवालदार काकांना माळ्यावर चढवलं. गुडघे दुखत असतानाही चढले. पडद्यावर धडाधड गोळ्या सुटत होत्या. काकांनी दहा मिनिटं एक शब्द काढला नाही. मग म्हणाले, “रिकामी काडतुसं कोण गोळा करतंय?” भाचा म्हणाला, “कुणीच न्हाई काका.” काका म्हणाले, “एक केस कमी भरली तर आमी आख्खी फायरिंग रेंज गुडघ्यावर चाळत होतो.” निकाल: ‘कॉल ऑफ ड्यूटी. गोळ्यांचा हिशेब न्हाई. ही फौज न्हवं.’

‘डब्ल्यूडब्ल्यूई’च्या कुस्तीचा गेम तालमीतल्या वस्तादांना दाखवला. आनंदवाडीच्या आखाड्यात लंगोट लावलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, “पाठ टेकली की झालं. मग ह्यो पंच जमिनीवर झोपून काय मोजालाय?”

‘ब्लॅक मिथ: वुकाँग’चं प्रकरण जरा चिघळलं. हा चिनी गेम २०२४च्या ऑगस्टचा, त्यांच्या जुन्या वानरराजाच्या कथेवर बेतलेला. निकाल्यानं लिहिलं, ‘आपल्या मारुतीचा चीनमधला भाऊबंद. गदा न्हाई, काठी हाय. उडतोय बरा.’ भाऊबंद हा शब्द आमच्याकडं जमिनीच्या वाटणीशिवाय वापरत नाहीत. शनिवार होता. मारुतीच्या देवळातून बाहेर पडलेल्या मंडळींनी विचारलं की चिन्यानं आता मारुतीतही वाटा मागितलाय की काय. निकाल्यानं ‘भाऊबंद’ पुसून ‘पाहुणा’ केलं. पाहुण्याला देऊळ दाखवता येतं, सातबारा दाखवावा लागत नाही.

पण सगळ्यांत गाजला तो ‘फार्मिंग सिम्युलेटर २५’. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा हा गेम २०२४च्या नोव्हेंबरात आला आणि या मालिकेत पहिल्यांदाच त्यात भातशेती आली, म्हशी आल्या. निकाल्याचा बाप जातिवंत शेतकरी. नदीकाठी भात, वरच्या माळाला रताळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेयनं भाताचं जे केलं ते त्याच्या तोंडून ऐकावं. अशा माणसाला निकाल्यानं खुर्ची देऊन पडद्यासमोर बसवलं.

पडद्यावर शेतात पाणी सोडलं, यंत्रानं रोप लावलं. म्हातारा पुढं सरकला. “बायका किती लागल्या लावणीला?”

“एक बी न्हाई बा. यंत्र हाय.”

“मग गाणी कोण म्हनतंय?”

याचं उत्तर स्वित्झर्लंडकडं नव्हतं. मग गोठा आला. म्हशी पाण्याजवळ उभ्या. म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून कास बघितली आणि समाधानानं मान हलवली. “दूध कुठं घालतोय?”

“चीज करत्यात. मोझरेला. पिझ्झ्यावर घालाय.”

“ते करूंद्यात. फॅट किती लागतोय?”

“फॅट बघत न्हाईत.”

म्हातारा उठून उभा राहिला. “फॅट बघत न्हाईत? म्हशीच्या दुधाला? लुटालेत की त्येला!” त्याला परत बसवायला चहा करावा लागला. चहा पिता पिता त्यानं पिकांची यादी वाचून घेतली. बटाटा आहे. ऊस आहे. गाजर, बीट, पालक, द्राक्षं आहेत. “रताळं?” भाच्यानं यादी वर केली, खाली केली. नाही. बेळगाव भागातली रताळी गाड्या भरून परराज्यात जातात, एकादशीला आणि महाशिवरात्रीला त्यांच्यावर देशाचा उपवास चालतो, आणि हे पीक यादीत नाही. म्हाताऱ्यानं शेवटचा प्रश्न विचारला, “माल इकला की अडत किती कापत्यात?”

“अडतच न्हाई बा. सगळे पैशे शेतकऱ्याला.”

खोलीत शांतता पसरली. ज्याच्या घरात अडत दुकानाच्या दिवाणजीचा पगार येतो त्या घरात हा विषय सहसा निघत नाही. म्हातारा पोराकडं बघत म्हणाला, “मग तिकडंच जाऊ या की.”

निकाल बापानं सांगितला, पोरानं लिहिला: ‘फार्मिंग सिम्युलेटर. बटाटा हाय, ऊस हाय, रताळं न्हाई. दलाल न्हाई. पाऊस नेमानं पडतोय. करमणूक म्हणून ठीक.’ त्या दिवशी यार्डातले दोन हमाल खास फळा वाचायला आले होते.

पोरांचा सीझन वेगळा, मोबाईलचा. पब्जीवर सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, २०२१च्या जुलैत तो बीजीएमआय म्हणून नव्या नावानं परतला, २०२२च्या जुलैत पुन्हा गायब झाला. त्या दिवशी पोरांनी फळ्यावर काळी चौकट काढून त्याला श्रद्धांजली वाहिली. मंडळाच्या ठरावाप्रमाणं श्रद्धांजली असल्यानं निकाल लिहिता येईना, आणि श्रद्धांजली ज्याची त्याचाच निकाल लिहायचा होता. पेच पडला. अध्यक्षांनी मुदत मागितली. ती संपायच्या आत, २०२३च्या मे महिन्यात, मयत उठून बसलं. निकाल्यानं लिहिलं, ‘आला. गेला. नाव बदलून आला. गेला. आला. एसटी असंच करती.’

एसटीचंही सांगतो. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ नावाचा मोबाईलवरचा गेम आमच्याकडं फार चालतो. गाड्या जावा-सुमात्रातल्या, पण त्यांचं रंगकाम आपण बदलू शकतो. एवढी मुभा मिळाल्यावर सीमाभागातलं पोर काय करेल? एकानं महाराष्ट्राची लाल परी रंगवली, समोरच्या घरातल्यानं वायव्य कर्नाटकाची गाडी. पाट्या मराठीतून, कानडीतून. दोघं एकाच ऑनलाइन ताफ्यात शिरले आणि तासभर एकापाठोपाठ एक गाड्या पळवल्या, हॉर्न देत, वळणावर बाजू देत. इकडं २०२२च्या डिसेंबरात सीमेवर तणाव झाला तेव्हा महाराष्ट्रातून येणारी एसटी बंद झाली होती आणि निपाणीपलीकडं कोगनोळी नाक्यापर्यंत जाऊन लोक परतत होते. निकाल्यानं दोघांचे मोबाईल शेजारी धरून बघितले. निकाल: ‘दोन्ही राज्यांच्या गाड्या एका रस्त्यानं पळत्यात, दगड न्हाई, घोषणा न्हाई. खोटा वाटला.’

एवढा निष्ठुर माणूस, पण त्याचं तागडं दोन ठिकाणी झुकतं. पहिलं पुण्यात. ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओनं २०२० साली काढला. लोकवर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही, तरी रेटून पुरा केला. दैत्यांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघालेली डोंबाऱ्याची पोर, अशी गोष्ट. गेम देखणा आहे, लहान आहे, आणि शेवट अगदी अचानक येतो. हे तिन्ही निकाल्याला दिसत होतं. त्यानं लिहिलं, ‘राजी. जवारी. घ्या.’ पोरांनी घेरलं. परदेशी गेम असता तर शेवटावरून सोलला असता, इथं सूट का? निकाल्या म्हणाला, “भावाला सोडवाय चाललेल्या पोरीचं मार्क कापाय मी काय बुद्रुकचा हाय?” हे उत्तर समीक्षेत बसत नाही हे मला कळतं. तरी जवारी बटाट्याला यार्डात दोन रुपये जास्त बोलणारे खरेदीदार मी बघितलेत, आणि ते मूर्ख नव्हते. उलट दिल्ली-मुंबईच्या गाजावाजाला तो भुलत नाही. ‘फौजी’ नावाचा गेम २०२०च्या सप्टेंबरात जाहीर झाला, २०२१च्या २६ जानेवारीला आला. त्याचा निकाल: ‘झेंडावंदन झालं. खाऊ कुठाय?’

तागडं झुकण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे ‘क्रिकेट ०७’. ईए स्पोर्ट्सनं हा २००६च्या नोव्हेंबरात काढला आणि त्यानंतर क्रिकेटचा गेमच काढायचा सोडून दिला. पण जगभरची वेडी मंडळी त्यात आजही नवे खेळाडू, नवे शर्ट, आयपीएलचे नवे संघ घुसवत बसतात. निकाल्या तेविसाव्या वर्षापासून तो खेळतोय. नवनवे क्रिकेटचे गेम आले, त्यांतलं गवत हलतं, खेळाडूंना घाम येतो. हा आपला जुन्या कॉम्प्युटरवर त्याच दोन बटणांनी कव्हर ड्राइव्ह मारतोय. याचा निकाल फळ्यावर कधीच आला नाही. विचारलं तर म्हणतो, “अजून खेळून व्हायचाय.” जो माणूस शंभर तासांचा गेम चाळीस मिनिटांत निकालात काढतो त्याला वीस वर्षं पुरली नाहीत. समीक्षकाला जे खरंच आवडतं त्याच्याबद्दल तो बोलत नाही, आणि निकाल्याला लोक लबाड म्हणतात ते यासाठी. मला त्यात लबाडी दिसत नाही. लहानपणी रुपयाच्या नाण्यावर चालणाऱ्या ‘मुस्तफा’बद्दलही तो असाच गप्प होतो. कॅपकॉमचा १९९३चा तो डायनासोरांचा गेम. खरं नाव वेगळंच आहे, पण पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफाच्या लाथेपुढं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या लाथेपायी शाळेची फी गेली होती एवढंच त्याची आई सांगते.

आता जीटीए सहाचं. हा गेम जाहीर झाला तेव्हा तारीख २०२५ची होती. मग २६ मे २०२६ झाली. २०२५च्या नोव्हेंबरात ती आणखी पुढं गेली. निकाल्यानं पहाटे लिहिलं, ‘जीटीए सहा. तारीख परत पुढं. आता १९ नोव्हेंबर २०२६.’ सकाळी शाळेला जाणाऱ्या कोणा पोराचं दप्तर फळ्याला घासलं आणि ‘जीटीए सहा’ तेवढं पुसलं गेलं. त्या दिवशी वर ठळक अक्षरांत सीमाप्रश्न होता आणि मधला सगळा फळा रिकामा.

दहाच्या सुमाराला गल्लीतले एक आजोबा काठी टेकत यार्डात आले. शहाऐंशीच्या सीमाआंदोलनात हिंडलग्याच्या जेलात बसून आलेले. अडत दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “काय रे, वर्षभरानं दिली व्हय तारीख? कुठल्या खंडपीठापुढं?”

निकाल्यानं हिशेबाच्या वहीतून मान वर केली. “सुनावणी न्हवं आजोबा. गेम हाय. अमेरिकेचा.”

“किती वर्षं झाली म्हनं त्याला?”

“मागचा २०१३ला आलता. तेरा होतील.”

आजोबा खो खो हसले. दाताची कवळी सावरत म्हणाले, “तेरा वर्षांत एवढा रडालाईस? महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा टाकला २००४ला.”

“२००४ला ह्यांचा सॅन अँड्रियास आलता,” निकाल्या म्हणाला. या माणसाला तारखा अशाच आठवतात.

“म्हंजे त्यांचं आलं की एकदा. आमचं कुठं काय आलंय?” आजोबांनी चहा सांगितला. “बरं, त्या गेमात करायचं काय असतंय?”

निकाल्यानं समजावलं. गडबड केली की पोलीस मागं लागतात. जास्त गडबड केली की जास्त पोलीस. पडद्यावर स्टार दिसतात. एक स्टार म्हणजे हवालदार, मग गाड्या, मग हेलिकॉप्टर. त्या सॅन अँड्रियासात तर सहा स्टारला लष्कर यायचं.

“आणि सुटायचं कसं?”

“लपायचं. न्हाईतर कपडे बदलायचे. वेश बदलला की पोलीस ओळखत न्हाईत, स्टार कमी होत्यात.”

आजोबांचा कप हातातच राहिला. “अरे, शहाऐंशीला महाराष्ट्रातले पुढारी असेच वेश बदलून बेळगावात शिरले की! बंदोबस्त एवढा, आणि ह्ये दाढ्या लावून!” मग बोटांवर मोजायला लागले. लाठीमार, अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी, जेल. एका हाताची बोटं संपली तेव्हा दुसऱ्या हातातला कप खाली ठेवला आणि त्या हाताचा अंगठा उघडला.

“लिव उद्या फळ्यावर,” ते म्हणाले. “शहाऐंशी साल. सहा स्टार.”